मीठ कमी होतं

सावदा. पौषातला रविवार. सकाळी साडेआठ.
उपस्थिती सत्तावीस, कुत्रं धरून अठ्ठावीस.
मी सचिव. नोंदी ठेवणं माझं काम.
अकरा वर्षं ठेवतोय, एकाच जाड वहीत,
प्रत्येक पानावर मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ:
डावीकडे कार्यकर्ते,
उजवीकडे लाभार्थी.

रेघ माझीच. अक्षरही बरं आहे माझं.

मागच्या वर्षी चादरी दिल्या, त्याआधी कुबड्या,
त्याआधी केळी
(सावद्यात केळी वाटणं म्हणजे
तापीत तांब्या ओतणं, पण वाटली).
फोटोत सगळे हसताहेत.
फोटोवाल्यानं सांगितलं होतं.

या वेळी भरीत.
बऱ्हाट्यांच्या केळीबागेचा बांध,
पांढरट हिरवी वांगी, एकेक तान्ह्या पोरासारखं हाताला जड.
पऱ्हाट्या पेटल्या, वारा फिरला,
आम्ही कार्यकर्ते डोळे चोळत मागे सरलो.

हुरमत तडवी सरला नाही.
पाणी त्याच्याही डोळ्यांना आलं,
पण त्याचं काम डोळ्यांशी नव्हतंच.
तो ऐकत होता.
साल तडकण्याआधी एक बारीक सुस्कारा,
मग देठाशी चुरचुरणारं पाणी.
‘हे झालं. हे फिरवा. ह्याच्यात बियाच बिया, बाजूला ठेवा.’
मी म्हणालो, हुरमतभाऊ, सावलीत बसा ना जरा.
म्हणाला, ‘सावली कुठं हाये ते माहीत हाये मला.
तुम्हीच बसा भो.’

बडगी जमिनीवर, वत्सलाबाई नारखेडे चाकाच्या खुर्चीत,
मध्ये दीड फूट.
आम्ही चर्चा केली. उपसमिती नेमायचीच बाकी होती.
सोपानला ऐकू येत नाही,
त्यामुळे त्यानं चर्चा ऐकली नाही.
केळीचे दोन रिकामे क्रेट आणले,
बडगी त्यावर ठेवली, आणि गेला पात चिरायला.
बावीस वर्षं चाकं ढकललेले ते दंड!
मुसळीचा आवाज पाटाच्या पलीकडे जात होता.

निनाद वारके, वय एकोणीस, पानं मांडतो.
त्याची रीत आहे:
पान ठेवायचं, माणसाकडे बघायचं, नाव घ्यायचं, सावकाश,
तोंडात घोळवून.
नाव घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.
पुऱ्या निवतात. निवू देत.
बांधापलीकडे एक पावरा बाई घड खाली ठेवून बघत उभी होती.
निनाद पान घेऊन तिच्यापुढे थांबला. थांबूनच राहिला.
शेवटी ती म्हणाली, रुमली.
‘रुमली,’ तो म्हणाला, आणि पान मांडलं.
तीन वर्षं ती याच बागेत घड वाहते.
बऱ्हाट्यांनी मान खाली घातली आणि कांदा फोडला.
उपस्थिती: खोडून एकोणतीस.

कळण्याच्या पुऱ्या मी वाढत होतो.
माझा उजवा हात थरथरतो, दोन वर्षं झाली,
वहीत नोंद नाही.
सोपाननं परातीला खालून हात लावला
आणि माझ्याकडे न बघता पंगतभर चालला.
हे कोणत्या रकान्यात घालायचं, सुचलं नाही.

जेवणं झाल्यावर मी दरवर्षी विचारतो, कसं झालं?
दरवर्षी उजवीकडून उत्तर येतं,
छान झालं, देव तुमचं भलं करो.
तेही लिहून ठेवलंय, अकरा वेळा.

हुरमत बोटं चाटत म्हणाला,
‘मीठ कमी व्हतं.’

खजिनदार स्वतःच्या चपला बघू लागले.
मग वत्सलाबाई: ‘आणि मिरच्या मोजून कोणी दिल्या?
तिजोरीतल्या होत्या का?’
मग कोणी लसणावर घसरलं, कोणी पुऱ्यांच्या जाडीवर,
निनादचं म्हणणं, कुत्र्याला पान मिळालं नाही,
आणि सोपान हातवारे करून असा काही भांडला
की सगळ्यांना सगळं कळलं.
ऊन केळीच्या पानांवरून खाली उतरेपर्यंत
कोणी कोणाचे आभार मानले नाहीत.

रात्री वही उघडली.
शाई खोडरबरानं जात नाही.
म्हणून रेघेवरूनच लिहीत गेलो,
या कडेपासून त्या कडेपर्यंत, वाकड्या हातानं:
मीठ कमी होतं.
पुढच्या वेळी हुरमत तडवी घालतील.